परवाना संस्थेचा, हकालपट्टी विद्यार्थ्याची

विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. त्या यादीत महाराष्ट्राच्या खात्यावर गेली कित्येक वर्षे नागपूरचे एक नाव दिसत आले आहे : राजा अरेबिक युनिव्हर्सिटी. यादीसोबत इशारा असतो की या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार नाही, विद्यार्थ्यांनी प्रवेश घेऊ नये. इशारा योग्यच आहे. पण तो वाचण्याआधी ज्यांनी कुठल्याही अशा संस्थेत प्रवेश घेतला, फी भरली, दोन-तीन वर्षे घातली, त्यांनी आता काय करायचे याबद्दल यादी गप्प असते. संस्थेचा निकाल लावला की सरकारचे काम संपले, अशी ही रीत आहे. देशात तिचा फटका पदवीपुरता राहतो; मूल घरी असते, पुढच्या वर्षी दुसरीकडे नाव घालता येते. हीच रीत परदेशातले इमिग्रेशन खाते वापरते तेव्हा पदवीबरोबर तिथे राहण्याचा हक्क, भरलेली फी, बँकेचे कर्ज आणि पुढे कधी व्हिसा मिळण्याची आशा, सगळेच एका दिवसात पणाला लागते. २०२४-२५ मध्ये एकट्या अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांत परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सींच्या पाट्या कशा वाढल्या हे नागपूरकरांना सांगायला नको. म्हणून प्रश्न आपल्याही घरचा आहे. माझे म्हणणे असे की, ज्या सरकारने एखाद्या संस्थेला परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना दिला, त्याने तो काढून घेताना त्या विद्यार्थ्यांची सोय त्याच आदेशात लावली पाहिजे. आणि ही मागणी दुसऱ्याच्या दारात नेण्याआधी आपण आपल्या दारातल्या एजंटाकडे आणि बँकेकडे नीट पाहिले पाहिजे.

विद्यार्थी संस्थेला किती घट्ट बांधलेला असतो, हे अमेरिकेला जाणाऱ्या मुलाच्या फायलीतला आय-ट्वेंटी नावाचा कागद पाहिला की कळते. त्यावर वर एक क्रमांक, खाली संस्थेचे नाव, अभ्यासक्रम, तो कधी सुरू होणार आणि कधी संपणार त्या तारखा, पहिल्या वर्षाचा खर्च व तो कोण भरणार याचा तक्ता आणि शेवटी संस्थेच्या अधिकाऱ्याची सही. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात व्हिसा मिळतो तो या कागदाच्या जोरावर. पण हा कागद देण्याचा अधिकार संस्थेला तिथल्या गृहसुरक्षा खात्याने दिलेला असतो. खात्याने तो काढून घेतला की मुलाच्या हातातला कागद निकामी होतो. मुलाने परीक्षा दिली, हजेरी भरली, फी वेळेवर भरली, याने काही फरक पडत नाही. ब्रिटनमध्येही तसेच, तिथे संस्था विद्यार्थ्याची प्रायोजक असते आणि तिचा परवाना गेला की विद्यार्थ्याला साधारण ६० दिवसांत नवी प्रायोजक संस्था शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. चौकशी होते संस्थेची, नोटीस जाते संस्थेला, वकील उभा राहतो संस्थेचा, आणि शिक्षा बजावली जाते त्या माणसावर ज्याला या प्रकरणात कुणी पक्षकारही मानलेले नसते.

याचे सर्वांत विचित्र उदाहरण मिशिगन राज्यातल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चे. हे विद्यापीठ चालवत होते अमेरिकेचे इमिग्रेशन खातेच. २०१५ मध्ये उघडलेल्या या संस्थेला वेबसाइट होती, बोधचिन्ह होते, फेसबुक पान होते, फार्मिंग्टन हिल्स गावात कार्यालय होते. मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तिचे नाव होते आणि परदेशी विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या संस्थांच्या सरकारी यादीतही. नव्हते ते शिक्षक आणि वर्ग. ३० जानेवारी २०१९ च्या सुमारास धरपकड झाली. पहिल्या फेरीत १३० विद्यार्थी पकडले, त्यातले १२९ भारतीय. वर्षअखेरपर्यंत आकडा २५० च्या घरात गेला. विद्यार्थी आणून देणाऱ्या आठ दलालांवर खटले झाले, त्यांनी गुन्हा कबूल केला व तुरुंगवास भोगला. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना स्वतःहून परत जाण्याचा पर्याय दिला गेला. भारत सरकारने त्या वेळी बऱ्यापैकी चपळाई दाखवली. वॉशिंग्टनच्या दूतावासाने चोवीस तासांची हेल्पलाइन काढली, दिल्लीत अमेरिकी दूतावासाला निषेधपत्र दिले गेले, तिथल्या तेलुगू संघटनांनी वकील उभे केले. पण फीचे काय? ती तर थेट सरकारच्या खात्यात गेली होती. एका भारतीय विद्यार्थ्याने त्यासाठी दावा लावला. शिकवण्याचा करार करून शिकवले नाही, तर पैसे परत करा, इतकी साधी मागणी. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि सांगितले की सरकार असल्याच्या सबबीवर कराराच्या दाव्यातून आपोआप सुटका होत नाही. पाच वर्षे गेली, तीही फक्त दावा चालू शकतो एवढे ठरायला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, तरी मुले फी भरत राहिली, म्हणजे त्यांना ठाऊक होतेच. ती पदवी विकत घेत नव्हती, नोकरी करत राहण्यासाठी कागद विकत घेत होती. अमेरिकी सरकारी पक्षाचे म्हणणे नेमके हेच होते. त्याआधी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला, तेव्हाही निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचा निवासाचा पत्ता एकाच इमारतीतला एकच फ्लॅट दाखवला असल्याचे उघड झाले होते. तिथल्या दीड हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय, त्यातही आंध्रचे. एका फ्लॅटमध्ये शेकडो मुले राहत नाहीत हे कुणालाही समजते. तेव्हा काही मुले सामील होती, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि आपल्या मुलांचा विषय आला की सगळीच निष्पाप, अशी जी भूमिका आपल्याकडे सहज घेतली जाते तिने खऱ्या विद्यार्थ्यांचेच नुकसान होते. पण ‘काही’ आणि ‘सगळी’ यांतले अंतर कोण मोजणार? ट्राय-व्हॅलीच्या मुलांपैकी काहींच्या घोट्याला पाळतीची यंत्रे बांधली गेली, त्यावरून भारतात संताप झाला; संस्थेच्या संस्थापिकेला शिक्षा व्हायला २०१४ उजाडले. सोळा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची ती शिक्षा पुरेपूर पुराव्यांवर, रीतसर खटला चालवून झाली. म्हणजे जिने लाखो डॉलर कमावले तिला साडेतीन वर्षांची न्यायप्रक्रिया मिळाली आणि विद्यार्थ्याचा दर्जा तेवढा एका दिवसात गेला.

हे अंतर मोजता येते, याचा पुरावा कॅनडाने दिला. २०२३ मध्ये तिथे पंजाबमधल्या शेकडो मुलांची प्रवेशपत्रे खोटी निघाली. जालंधरच्या एका एजंटाने ती बनवली होती. मुले कॅनडात पोहोचल्यावर त्यांना सांगितले जाई की त्या कॉलेजातल्या जागा भरल्या, दुसरीकडे प्रवेश घ्या. मुले दुसरीकडे शिकली, पास झाली, नोकरीला लागली आणि कायम वास्तव्याचा अर्ज केला तेव्हा पहिले पत्र बनावट असल्याचे समोर आले. हद्दपारीच्या नोटिसा निघाल्या. टोरांटोजवळ मुलांनी रस्त्यावर ठाण मांडले, तेव्हा जूनमध्ये इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी कारवाई थांबवून एक कृतिदल नेमले आणि प्रत्येकाचे प्रकरण वेगळे तपासायला लावले. त्या तपासातल्या पहिल्या १०३ प्रकरणांत ६३ जण खरे विद्यार्थी ठरले. उरलेले ठरले नाहीत. हा आकडा दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे आणि म्हणूनच तो उपयोगाचा आहे. सरसकट हाकलले असते तर दर पाचांत तीन निरपराध गेले असते. सरसकट माफ केले असते तर दर पाचांत दोन लबाड राहिले असते. डिसेंबर २०२३ पासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून पडताळून घेण्याचा नियम केला. जो नियम पहिल्या दिवसापासून असायला हवा होता तो मुलांची घरे रिकामी झाल्यावर आला, पण आला. त्या एजंटाला कॅनडातच २०२४ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली.

वेगळे तपासले नाही तर काय होते, ते ब्रिटनच्या इंग्रजी चाचणी प्रकरणात दिसते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीने चाचणी केंद्रांवरची बनवाबनवी उघड केली. चाचणी घेणाऱ्या कंपनीने सुमारे ३४ हजार निकाल अवैध आणि २२ हजारांवर संशयास्पद ठरवले. जूनमध्ये ५७ कॉलेजांचे परवाने निलंबित झाले आणि हजारो व्हिसे गेले. त्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशची मुले मोठ्या संख्येने होती. बहुतेकांना देशात राहून अपील करण्याचा हक्कही नव्हता. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने अहवालात म्हटले की फसवणूक व्यापक होती यात शंका नाही, पण ज्यांनी फसवले नाही आणि तरी जाळ्यात सापडले त्यांना जपण्यासाठी गृहखात्याने तेवढाच जोर लावायला हवा होता. लेखापरीक्षकाने असे लिहावे, याला महत्त्व आहे. तो काही मानवी हक्कांचा कार्यकर्ता नव्हे.

आता चांगले काय घडले तेही पाहू. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस ब्रिटनच्या सीमा यंत्रणेने लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना रद्द केला. नमुन्यादाखल तपासलेल्या फायलींत अनेकांना देशात राहण्याची परवानगीच नव्हती, इतरांची हजेरी वा इंग्रजी तपासल्याची नोंद नव्हती, असे कारण होते. सत्र सुरू व्हायला जेमतेम महिना होता आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थी लटकले. गवगवा झाला, तशी सरकारने नव्या जागा शोधून देण्यासाठी कृतिदल बसवले, इतर विद्यापीठांत रिक्त जागांची यादी उघडली आणि प्रवासाचा, नव्या अर्जाचा खर्च भागावा म्हणून २० लाख पौंडांचा निधी ठेवला. विद्यापीठ न्यायालयात गेले. २१ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने ज्यांचे कागद नीट आहेत त्यांना ते वर्ष तिथेच शिकू द्या, असा अंतरिम आदेश दिला. पुढच्या एप्रिलमध्ये परवाना परतही मिळाला. या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हे सगळे करता येण्यासारखे होते. ते आदेशाच्या आधी का केले नाही, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

ऑस्ट्रेलियाने तो प्रश्न कायद्यानेच सोडवला. २००९-१० मध्ये मेलबर्न आणि सिडनीतली खासगी कॉलेजे पटापट बंद पडली. स्वयंपाक आणि केशरचनेचे अभ्यासक्रम घेतलेली भारतीय मुले त्यात होती. मग २०१२ मध्ये ‘ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस’ आली. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने दरवर्षी वर्गणी भरायची, ती एका निधीत जमा व्हायची. संस्था बंद झाली किंवा तिला बंद केले तर विद्यार्थ्याला दुसऱ्या संस्थेत तशाच अभ्यासक्रमात जागा, नाहीतर न शिकवलेल्या काळाची फी परत. शिवाय खासगी संस्थांनी आगाऊ फी वेगळ्या खात्यात ठेवायची आणि मूल वर्गात बसेपर्यंत तिला हात लावायचा नाही. असे संरक्षण दिले तर भोंदू संस्थांकडे मुले बेफिकिरीने जातील, हा दुसरा आक्षेप या व्यवस्थेने निकालात काढला आहे, कारण खर्च संस्थांच्या खिशातून होतो. म्हणून शेजारचे भोंदू कॉलेज वेळीच बंद व्हावे, असे चांगल्या कॉलेजालाही वाटू लागते. आणि परवाने रद्द करायला तिथले सरकार कचरत नाही. २०२४ मध्ये नावापुरत्या उरलेल्या दीडशेहून अधिक संस्था बंद केल्या गेल्या.

आपल्याकडेही असे काही घडलेले आहे, हे विसरू नये. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनहून वैद्यकीय विद्यार्थी परतले, त्यात महाराष्ट्रातलेही होते. आपल्या कॉलेजांत त्यांना सामावून घ्यायला सरकारने साफ नकार दिला. त्या नकाराची कारणे होती. नीटच्या गुणांवर इथे रांगेत उभ्या असलेल्यांवर तो अन्याय झाला असता. पण त्याच सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये त्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात उरलेला अभ्यासक्रम पूर्ण करण्यास मान्यता दिली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून अंतिम परीक्षांची खास संधी दिली. नियम न मोडता वाट काढता येते, ती काढणारा माणूस मात्र टेबलाच्या पलीकडे बसलेला लागतो.

कुणी म्हणेल, चांगल्या विद्यापीठात जा म्हणजे हे झंझट नाही. महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हाच निकष लावते. जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधली संस्था हवी. निकष समजण्यासारखा आहे. पण २२ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकार काढून घेतला तो हार्वर्डचा. तिथले ६,८०० च्या आसपास परदेशी विद्यार्थी, त्यात सुमारे ८०० भारतीय, यांना सांगण्यात आले की दुसरीकडे बदली करा, नाहीतर दर्जा जाईल. दुसऱ्याच दिवशी बोस्टनच्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी स्थगिती दिली म्हणून निभावले. भोंदू म्हणावे असे त्या संस्थेत काहीच नव्हते. वाद सरकार आणि विद्यापीठ यांच्यात होता आणि दबावाचे साधन म्हणून विद्यार्थी वापरले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निरनिराळ्या विद्यापीठांतल्या ४,७०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकातून काढून टाकल्या गेल्या आणि न्यायालयांनी कान उपटल्यावर महिनाअखेर परत घातल्या गेल्या. क्रमवारी पाहून संस्था निवडता येते, सरकारची मर्जी निवडता येत नाही.

शिक्षण मध्येच तुटलेल्या परदेशी विद्यार्थ्याला जागा राखून ठेवली तर काय होऊ शकते, हे दीक्षाभूमीच्या शहराला तरी माहीत असावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतले. त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते वाटेत बुडवले गेले. पण लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेली रक्कम जमवून ते १९२० मध्ये गेले. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये डीएस्सी. पैसे जमवायला तीन वर्षे लागली, पण ते परत गेले तेव्हा त्यांची जागा शिल्लक होती. संस्थेने दाखवलेली ती साधी प्रशासकीय उदारता आज नियम म्हणून मागायची आहे, मेहेरबानी म्हणून नव्हे.

आता आपल्या दाराकडे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, अनामत ठेवावी लागते. शिक्षणासाठी मुले पाठवणाऱ्याला यातले काही लागत नाही. सौदीला गवंडी पाठवायचा तर परवाना हवा. पण वीस-तीस लाखांचे कर्ज काढायला लावून एखाद्या मुलीला ओंटारियोला पाठवायचे तर एक गाळा, एक पाटी आणि व्हिसा मिळालेल्या मुलांचे हार घातलेले फोटो पुरतात. कन्सल्टन्सी मुलांकडून थोडीच फी घेते किंवा मुळीच घेत नाही, हे पालकांना फार मोठे आकर्षण वाटते. ती फुकट का देते, हे विचारणारा पालक विरळा. तिला कमिशन परदेशी कॉलेजकडून मिळते, पहिल्या वर्षाच्या फीच्या काही टक्क्यांत. म्हणून सल्ला कमिशन देणाऱ्या कॉलेजाकडे कलतो. सगळ्याच कन्सल्टन्सी लबाड असतात असे कुणी म्हणणार नाही. कित्येक चोख काम करतात आणि लबाडांमुळे त्यांचेच नाव खराब होते. पण दोघांतला फरक पालकाला कळावा अशी कोणतीही सोय महाराष्ट्रात नाही. पंजाबने २०१२ मध्येच कायदा करून प्रवास एजंट, शिक्षण सल्लागार, आयईएलटीएसचे क्लास या सगळ्यांना परवाना सक्तीचा केला. तरी जालंधरचा तो प्रकार घडलाच, असे कुणी म्हटले तर ते खरे आहे. नुसता परवाना पुरत नाही, परवाना रद्द झाल्यावर मुलाला पैसे कुठून द्यायचे हेही ठरलेले हवे. परवान्याबरोबर अनामत हवी, कमिशन किती व कोणाकडून मिळते हे पालकाला लेखी सांगण्याची सक्ती हवी आणि प्रवेशपत्र संस्थेकडून थेट विद्यार्थ्याच्या ईमेलवर यावे, एजंटाच्या हातून नव्हे, अशी अट हवी. शेवटची अट फुकटात पाळता येते आणि कॅनडातले अख्खे प्रकरण तिने टळले असते.

बँकेचे आणखी वेगळेच. भारतीय बँक संघटनेच्या आदर्श योजनेप्रमाणे साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागते. विदर्भातल्या शेतकऱ्याची जमीन शेती म्हणून बहुतेक बँका तारणात घेत नाहीत, तेव्हा शहरातला प्लॉट किंवा काकाचे घर गहाण पडते, नाहीतर एनबीएफसीचे चढ्या व्याजाचे कर्ज घ्यावे लागते. अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष, एवढा काळ हप्ता लागत नाही. व्याज मात्र चढत राहते. मूल वेळेत अभ्यास पुरा करू शकले नाही आणि कारण त्याच्या हाताबाहेरचे असले, तर मुदत आवश्यक तेवढी वाढवण्याची सोय योजनेत आहे, पण ती मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडली आहे. संस्थेचा परवाना सरकारने रद्द करणे, याहून हाताबाहेरचे कारण ते कोणते? ते लिहून टाकायला संसदेत जावे लागत नाही. राज्यस्तरीय बँकर्स समितीचे संयोजकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. समितीने ठराव करून शाखांना कळवले तरी एखाद्या खामल्याच्या किंवा उमरेडच्या घराला थोडा श्वास मिळेल. आणि परदेशी फी पाठवताना बँक ती शिक्षणासाठीची म्हणून नोंदवते, कर्जाची नसलेली रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर कर वसूल करते, रिझर्व्ह बँकेला कळवते. कोणत्या देशात किती पैसा गेला हे सरकारला कळते. ज्या संस्थेचा परवाना गेला आहे तिच्या खात्यावर पैसे पाठवण्याआधी बँकेने पालकाला सावध करावे, एवढे करायला माहितीची कमतरता नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याला टोचली पाहिजे. ही मागणी करणारा भारत स्वतः परदेशी विद्यार्थ्यांशी कसा वागतो? २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते. नेपाळ, अफगाणिस्तान, आफ्रिकी देश यांतून आलेले. महाराष्ट्रात त्यांची गर्दी पुण्यात, पण नागपूर आणि वर्ध्यातही ते आहेत. दीर्घ व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत नोंदणी करायची, संस्थेने त्याची माहिती कळवायची, संस्था बदलायची तर परवानगी मागायची. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला, १९२० पासूनचे चार जुने कायदे गेले, आणि परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या विद्यापीठांवर माहिती देण्याची जबाबदारी थेट कायद्यात आली. संस्थेने ती टाळली तर तिच्यावर कारवाई होऊ शकते. तिथे शिकणाऱ्या सुदानच्या किंवा टांझानियाच्या मुलाचे पुढे काय, यावर कायद्यात काही नाही. म्हणजे फार्मिंग्टनबद्दल आपण ज्याचा निषेध केला त्याची पायाभरणी आपल्याही घरात आहे. परदेशी विद्यापीठांच्या शाखा आपल्याकडे येत असताना आणि ‘स्टडी इन इंडिया’च्या जाहिराती करत असताना ही उणीव ठेवणे शहाणपणाचे नाही. नियमावलीत एक तरतूद पुरेल : संस्थेवरील कारवाईमुळे कोणत्याही विद्यार्थ्याचा व्हिसा आपोआप रद्द होणार नाही, त्याला ठरावीक मुदत मिळेल, आणि विद्यापीठ अनुदान आयोग त्याच अभ्यासक्रमाच्या जवळच्या संस्थेत जागा सुचवील. ही तरतूद आपल्या पुस्तकात आली की वॉशिंग्टन, लंडन, ओटावाशी बोलताना परराष्ट्र मंत्रालयाच्या हाती सांगण्यासारखे काही असेल. विद्यार्थ्यांच्या ये-जा करण्याविषयी जे द्विपक्षीय करार होतात, त्यांत हेच कलम परस्परांसाठी घालण्याचा आग्रह धरता येईल.

राज्याच्या हातात आहे ते राज्याने करावे. शिक्षण सल्लागारांच्या नोंदणीचा, अनामतीचा आणि विद्यार्थी संरक्षण निधीचा कायदा करायला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. पंजाबने पाहिली नाही, हरियाणानेही पुढे तसा कायदा केला. निधीत सल्लागारांनी दर प्रवेशामागे वर्गणी भरावी. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या शासन निर्णयात एक परिच्छेद वाढवावा की लाभार्थ्याच्या संस्थेचा परवाना गेल्यास किंवा व्हिसा धोरण बदलल्यास शिष्यवृत्ती दुसऱ्या संस्थेत, गरज पडल्यास दुसऱ्या देशात वर्ग होईल आणि मधला खंड त्याच्या दोषात धरला जाणार नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपुरात भरते. पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशांचे अर्जही त्याच दिवसांत भरले जात असतात, आणि विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर, सदरमध्ये, कन्सल्टन्सींची दारे रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. आमदारांनी एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन, कमिशन कोणाकडून मिळते, एवढे विचारून पाहावे आणि मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशी सभागृहात सांगावे.